एकोणीस शेतकरी आणि एक काजूची शेड

आमच्या घराण्यात एकोणीस शेतकरी आहेत. हे मी म्हणत नाही, सातबारा म्हणतो. त्यांतले अठरा दहिसर ते मुलुंड या पट्ट्यात राहतात. एकोणिसावा विरारला राहतो, पण विचारलं तर बोरिवली सांगतो. एकीचं मुलुंडला ब्युटी पार्लर आहे, एक जण महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालाय, दोघं टॅक्सी चालवतात. मी अंधेरीला विमा कचेरीत आहे. शेतीशी माझा संबंध एवढाच, की पीकविम्याचा विभाग आमच्या वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये ती माणसं भेटतात.

गावात, म्हणजे बावखोलला, जी खरोखर शेती करते तिचं नाव मात्र सातबारावर नाही. ती अक्षता, माझ्या चुलतभावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दिवसकार्याला मुंबईहून आलेल्या आम्ही मोठ्या माणसांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. पोरगी उद्या लग्न करून जाणार, जमीन उगाच परक्या घरात अडकायला नको. जमीन राहिली तिचा धाकटा भाऊ मिथुन याच्या नावावर. पुढे मिथुन अंधेरीला आला आणि इथलाच झाला. अक्षताने लग्न केलं नाही आणि ती कुठे गेलीही नाही. आमचा अंदाज तेवढा एक चुकला.

गेली अकरा वर्षं ती आमची जमीन बघते. काजूची झाडं राखते, गवत काढते, घरपट्टी-फाळा भरते आणि मे महिन्यात एकोणीस घरांना कोकम-काजूचा वानवळा पाठवते. वानवळ्यात काजू कमी आले की ग्रुपवर चर्चा होते.

एप्रिलमधल्या एका बुधवारी संध्याकाळी ती चारकोपला आमच्या दारात उभी राहिली. खांद्याला पिशवी, हातात प्लॅस्टिकची फाइल.

"शामकाका, सह्या पाहिजेत," ती म्हणाली. पाणी नंतर प्यायली.

प्रकरण साधं होतं. गावातल्या अकरा बायकांचा तिचा गट आहे. आजवर त्या काजूची बी गोळा करून व्यापाऱ्याला विकायच्या, आणि व्यापारी सांगेल तो भाव. बी फोडून गर विकला, तर भाव आपण सांगायचा. त्यासाठी एक शेड, बी वाफवायचा बॉयलर आणि फोडायची यंत्रं हवीत. एका सरकारी योजनेत ते सगळं बसत होतं. शेडला जागा मात्र रस्त्याकडेची हवी, टेम्पो आत यायला हवा. रस्त्याला लागून आमची सहा गुंठ्यांची चोंड, म्हणजे भाताचं खाचर, पडीक होती. शेवटचं भात तिथे चार वर्षांपूर्वी लागलं होतं, तेही अक्षतानेच लावलेलं आणि रानडुकरांनी खाल्लेलं. तिथे शेड बांधायला सातबारावरच्या सगळ्यांची संमती पाहिजे. अर्जाचा शेवटचा दिवस सोमवार. सोमवार चुकला की योजना पुढच्या गावाला आणि अकरा बायका पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात.

"सातबाराला काही होणार नाही ना?" मी विचारलं. विम्यात तीस वर्षं काढली की माणूस आधी नुकसानच विचारतो.

"नाही. तलाठ्याने लिहून दिलंय. हे बघा."

मी बघितलं. खरोखरच लिहून दिलेलं होतं.

"मग काय, झकास," मी म्हणालो. "एकोणीस सह्या. घरचीच तर माणसं."

माझी बायको नलिनी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुम्ही तुमच्या घरच्यांना ओळखता ना?" ती म्हणाली. "की नुसतेच लग्नात भेटता?"

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. आमच्यात सगळं मानाने चालतं. लग्नपत्रिकेत पहिलं नाव सगळ्यांत थोरल्या दत्ताकाकांचं, मग त्यांच्या खालोखाल ज्याचा जन्म त्याचं. एकदा घाटकोपरच्या एका पत्रिकेत दोन नावं वर-खाली झाली, तर चारशे पत्रिका परत छापल्या. लग्न पुढे ढकलायचंही घाटत होतं. पंगत, नारळ, आरतीचं ताट, सगळं वयाने. आणि सही तर फारच. थोरल्याच्या आधी धाकट्याने सही करण्याचा प्रसंग आमच्यात एकदाच येतो. थोरला गेल्यावर, वारस म्हणून.

अक्षता याच घरातली. तिने संमतीपत्राच्या कागदावर एकोणीस ओळी आखल्या होत्या आणि नावं वयाने लिहिली होती. पहिली ओळ दत्ताराम, वय एक्याऐंशी. माझी सातवी.

"आण, करतो," मी पेन काढत म्हणालो आणि थांबलो. वरच्या सहा ओळी रिकाम्या होत्या. "म्हणजे... दत्ताकाकांची झाली की लगेच करतो. मी काय, घरातच आहे."

अक्षताने माझ्याकडे बघितलं. भाजी निवडण्याचा आवाज वाढला.

गुरुवार-शुक्रवार ती एकटी फिरली. दहिसर, मुलुंड, भांडुप, घाटकोपर. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. "आमच्या घरातली पोरगी उद्योजिका होणार!" असं म्हणून पार्लरवालीने तिच्याबरोबर फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. सही? "अगं, आत्ता करते. काकांची झाली ना? नाही? मग झाली की फोन कर, कुठेही असले तरी येते." पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या दशरथदादाने कागद तीनदा वाचला, तलाठ्याच्या शिक्क्याची तारीख तपासली, सगळं बरोबर आहे म्हणाला आणि कागद परत दिला. सख्ख्या भावाने, मिथुनने, टॅक्सी बाजूला घेऊन पाच मिनिटं तिच्याशी बोलून घेतलं. "ताई, तुझ्यासाठी जीव देईन. पण मी तेरावा आहे ना यार."

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला ती परत आली तेव्हा सही एकही नव्हती. दोन जुने मिक्सर होते, साड्यांची एक पिशवी होती आणि एक भिंतीवरचं घड्याळ. गावच्या घरात उपयोगी पडेल म्हणून लोकांनी दिलेलं.

"हे मी एसटीने नेऊ?" तिने विचारलं.

"ठेव इथेच," नलिनी म्हणाली. "आमच्याकडे जुनं सामान कमी आहे अशातला भाग नाही, पण ठेव."

शनिवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं दिंडोशीला गेलो. दत्ताकाका तिथे चौदाव्या मजल्यावर नातवाबरोबर राहतात. सतराव्या वर्षी गाव सोडलं, गिरणीत चाळीस वर्षं काढली, गिरणी गेली, चाळ गेली, आता टॉवर आला. बोली तेवढी त्यांनी बरोबर आणली आणि सांभाळली.

"काय गो अक्षता, कधी इलंस?"

"बुधवारी, आजोबा."

"आणि माझ्याकडे शनवारी?"

संपलं. तिथेच आमचं निम्मं काम फिसकटलं. मानाने पहिलं इथे यायला हवं होतं, आणि मुलुंड-घाटकोपर आधी झालं होतं. मी घाईघाईने सांगितलं, की सही कुणाचीच झालेली नाही, एकाचीही नाही, शपथ. काका जरा निवळले. कागद त्यांनी हातात घेतला, चष्मा लावला, स्वतःचं नाव पहिलं असल्याची खात्री केली आणि कागद मांडीवर ठेवला.

"शेड," ते म्हणाले. "आणि भात?"

"भात परवडत नाही, आजोबा. माणसं मिळत नाहीत. लावलं तर डुकरं, राखलं तर माकडं."

"आमी लावी होतो तेव्हा डुकरां नव्हती?"

"तेव्हा माणसं होती ना," अक्षता म्हणाली. "डुकरं हाकायला वाडीत चाळीस माणसं होती. आता सहा घरं उघडी आहेत."

"ता माका सांगू नको. शेती ती शेती. जमीन म्हणजे आवस. आवशीच्या अंगार शेड बांधतलास?"

या आवशीला, म्हणजे आईला, त्यांनी शेवटचं कधी बघितलं, हे मला विचारायचं होतं. गेल्या गणपतीत ते आले नव्हते, त्याच्या आदल्या गणपतीत आले होते पण गुडघ्यामुळे अंगणाच्या खाली उतरले नव्हते. पण मी सातव्या ओळीतला माणूस.

"आजोबा, काजू पण जमिनीतच येतो," अक्षता म्हणाली. "आणि शेड नसली तर मी अजून दोन वर्षं काढेन. मग मी पण इकडे येईन. तुमच्या आवशीला कोण बघेल?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं असं मला वाटलं. एवढ्यात आतून हर्षद आला. हर्षद काकांचा नातू, वय तीस, प्रॉपर्टीच्या धंद्यात. दोन कानांत दोन वायर नसलेले हेडफोन.

"अक्षताताई, हाय. एक मिनिट हां, आजोबा, सही नका करू." त्याने कागद उचलला. "हे बघ ताई, पर्सनल काही नाही. पण मी कर्जतला एक प्लॉट बघतोय. शेतजमीन आहे. ती घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. तो आजोबांच्या सातबाऱ्यावर मिळतो. आता तुम्ही तिथे शेड-बिड टाकली, सातबाऱ्याची वाट लागली, तर मी शेतकरी राहणार कसा?"

"तू शेतकरी आहेस?" अक्षताने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"लीगली."

"तलाठ्याने लिहून दिलंय, काही होणार नाही म्हणून."

"तलाठी काय गं, आज आहे उद्या बदली. मी माझ्या एजंटला विचारतो. त्याला विचारल्याशिवाय मी काही करत नाही."

"आणि कर्जतच्या प्लॉटवर काय लावणार?" मी विचारलं.

"फार्महाउस."

काका हे सगळं ऐकत होते. आवशीच्या अंगावर कर्जतला काय बांधलं जाणार होतं, याबद्दल त्यांनी काही मत दिलं नाही. ते म्हणाले, "उद्या मंडळाची सभा असा. थंयसर ठरवया. सगळ्यांच्या म्होरं."

बावखोल ग्रामविकास मंडळ, मुंबई. याचं ऑफिस आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्येच, एका सोसायटीच्या हॉलवर. मंडळाला साठ वर्षं झाली आहेत. या साठ वर्षांत गावचं देऊळ कुठल्या रंगाचं असावं, बस थांबा कुठे असावा, जत्रेत कुठलं नाटक लागावं, हे सगळं मुंबईत ठरलं आहे. गावात राहणाऱ्यांचा मंडळात प्रतिनिधी नाही, कारण त्यांना रविवारी मुंबईला यायला जमत नाही.

सभा दहाची होती, साडेअकराला सुरू झाली. साठेक माणसं, त्यांत आमच्या सातबारावरची पंधरा-सोळा. नारळ फुटला, मागील इतिवृत्त वाचलं गेलं, त्यात मागच्या सभेत मागील इतिवृत्त वाचल्याचं वाचलं गेलं. मग अध्यक्ष दत्ताकाकांनी जाहीर केलं, की शेडच्या विषयाआधी तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे.

तज्ज्ञ म्हणजे हर्षदचा मित्र यज्ञेश. पवईला एका सल्लागार कंपनीत आहे. नम्र मुलगा, पांढरा शर्ट. त्याने भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि पहिली पाटी आली: 'प्रादेशिक ग्रामीण विकासात शेतीची बदलती भूमिका'.

मी मनात म्हटलं, झालं. दुपार गेली.

पण तसं झालं नाही. मुलगा बरोबर बोलत होता. शेती आता फक्त पिकवण्यापुरती राहिली नाही, तो म्हणाला. जिथे पिकतं तिथेच त्यावर प्रक्रिया झाली तर पैसा आणि माणसं गावात राहतात. पुढची पाटी: एक शेड, शेडमध्ये बायका, बायकांच्या पुढ्यात काजू. खाली लिहिलं होतं, महिला गटांच्या प्रक्रिया केंद्रांमुळे स्थलांतर कमी होते. अक्षता माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात एवढा घट्ट धरला की घड्याळाचा पट्टा रुतला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पार्लरवाली म्हणाली, "किती छान समजावलं!" पाणीखात्याचा दशरथदादा म्हणाला, "अशी दृष्टी पाहिजे." कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली.

मी उठलो. "मग हेच तर अक्षता करतेय! हीच शेड, हेच काजू. फोटोतल्या बायकांऐवजी आपल्या बायका, एवढाच फरक. आत्ता सह्या करून टाकू."

लोक यज्ञेशकडे बघू लागले. यज्ञेश अंग चोरून उभा राहिला. "सर, मॉडेल म्हणून हे उत्तमच आहे. पण प्रत्यक्ष निर्णय स्थानिक पातळीवरच घ्यायला हवा."

"बरोबर," दत्ताकाका म्हणाले. "म्हणूनच आमी हय चारकोपाक बसलो."

मग चर्चा झाली. ती दीड तास झाली. एकाने विचारलं, शेडला नाव कुणाचं? दुसऱ्याने विचारलं, यंत्रांचा आवाज देवळापर्यंत येईल का? हर्षदने एजंटचा फोन लागत नसल्याचं सांगितलं. एका वहिनींना भात आठवलं. लहानपणी चिखलात उतरून लावलेलं भात, गुडघ्यापर्यंतचं पाणी, इरलं, आईच्या हातची नाचणीची भाकरी. मग सगळ्यांनाच भात आठवलं. ज्यांनी आयुष्यात भात फक्त कुकरमध्ये लावला होता त्यांनाही आठवलं. हॉलचं वातावरण असं काही भारलं, की पाच मिनिटांत ठराव तयार झाला. जुलैत मंडळातर्फे 'भातलावणी महोत्सव'. दोन बस, टोप्या, टीशर्ट. नव्या पिढीला मातीशी जोडायचं. जागा: रस्त्याला लागून, बस आत येते अशी, सहा गुंठ्यांची चोंड.

"आणि स्थानिक समन्वयक म्हणून," सेक्रेटरी वाचू लागले, "कुमारी अक्षता यांची एकमताने निवड. भाताच्या रोपांसाठी तरवा टाकणे, चोंड नांगरून तयार ठेवणे, चहा-नाश्ता, जेवण—"

टाळ्या वाजल्या. दुसऱ्यांदा.

अक्षता उठून उभी राहिली. मला वाटलं, ती रडेल. हॉलमधल्या साठ माणसांनाही तेच वाटलं असणार, कारण चेहरे सगळे आधीच कनवाळू झाले होते.

"मी सहा मिनिटंच बोलते," ती म्हणाली आणि अर्ध्या मिनिटात संपवलं. "उद्या शेवटचा दिवस आहे. ही शेड झाली नाही तर तुमचं काही जात नाही. आमचं जातं. कागद इथे टेबलावर ठेवते. ज्यांना करायचीय त्यांनी करा."

कागद टेबलावर होता. पेन कागदावर होतं. पंखा फिरत होता आणि कागदाचा कोपरा हलत होता. सोळा शेतकरी दत्ताकाकांकडे बघत होते. दत्ताकाका हर्षदकडे बघत होते. हर्षद फोनकडे.

"मी शेवट करतंय," काका अखेर म्हणाले. "सगळ्यांचा मत कळांदे. मोठ्यान आधी सही केली तर ल्हानांवर दडपण येता."

हे नवीन होतं. धाकटे थोरल्याची वाट बघणार आणि थोरला धाकट्यांची. साठ वर्षं चाललेलं मंडळ असं चालतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. शूरपणा वगैरे काही नाही. उकडत होतं, भूक लागली होती, आणि हॉलपासून माझं घर पाच मिनिटांवर असताना मी तिथे साडेतीन तास बसलो होतो. मी टेबलाशी गेलो आणि सातव्या ओळीवर सही केली. वरच्या सहा ओळी तशाच रिकाम्या.

"शाम्या!" काकांचा आवाज गिरणीतल्या यंत्रांवरून ऐकू जाईल असा आहे. "मी जिवंत असंय!"

"दिसतंय, काका."

"माका मेललो समजलंस?"

"अहो काका, एका शेडला संमती दिलीय, तुमच्या फोटोला हार नाही घातला."

हे वाक्य मी बोलायला नको होतं. त्यानंतर जे झालं त्याला इतिवृत्तात 'खेळीमेळीची चर्चा' म्हटलं आहे. दशरथदादाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझं बरोबर आहे पण पद्धत चुकली. मिथुन दरवाज्याशी उभा राहून रडत होता. आठव्या ओळीवर सही करायला कुणीही आलं नाही. उलट माझी सही धरली तर सहा थोरल्यांचा अपमान झाल्यामुळे आता कुणीच सही करू शकत नाही, असं मत पडलं.

संध्याकाळी अक्षताला बोरिवलीहून गाडीत बसवलं. सीटवर बसल्यावर तिने नलिनीने दिलेला जेवणाचा डबा मांडीवर घेतला, खिडकीतून माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही केलीत ना, ते बरं वाटलं," ती म्हणाली. "उपयोग काही नाही त्याचा. पण बरं वाटलं."

घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली, तो कागद.

मी घाईघाईने फोन लावला. "अगं, कागद राहिला! कुणाच्या हाती पाठवू? कुरिअर सोमवारी पोचणार नाही, फोटो चालेल का?"

"राहिला नाही, ठेवलाय," ती म्हणाली. मागे गाडीचा आवाज होता. "एका सहीचा कागद घेऊन काय करू? मी विमलाकाकीला फोन केलाय."

विमला म्हणजे गावातली आमची शेजारीण. विधवा, पंचावन्न वर्षांची. रस्त्याकडेला तिचे चार गुंठे आहेत, तिच्या एकटीच्या नावावर. कारण तिच्या सासरची माणसं तीस वर्षांपूर्वी कोयते घेऊन एकमेकांच्या अंगावर गेली होती. पोलीस आले, कोर्ट झालं, वाटण्या झाल्या, प्रत्येकाचा सातबारा वेगळा झाला. त्या घराचं नाव आम्ही लहानपणी वाईट उदाहरण म्हणून ऐकायचो. आमचं घर मात्र एकोप्याचं. आमच्यात कधी वाटण्या झाल्या नाहीत.

सोमवारी दुपारी अर्ज दाखल झाला. संमती एक, सही एक, विमलाकाकीची. तालुक्याच्या साहेबांनी विचारलं म्हणे, एवढं सोपं प्रकरण आधी का नाही आणलंत?

मंगळवारी संध्याकाळी सातला आमच्या दाराची बेल वाजली. दारात दत्ताकाका, हर्षदच्या खांद्यावर हात टाकून उभे. लिफ्ट बंद होती. एक्याऐंशी वर्षांचा माणूस तीन मजले चढून आला होता.

"कागद हाड," ते म्हणाले. म्हणजे घेऊन ये.

"काका, बसा तरी. पाणी—"

"कागद हाड आधी. तुझी सही एकटी दिसता त्याच्यावर. लोकां काय म्हणतली? घरात मोठो कोण नाय?"

हर्षद म्हणाला, "शामकाका, एजंटचा फोन लागला. तो बोलला काही प्रॉब्लेम नाही, शेड टाका बिनधास्त." तलाठ्याच्या शिक्क्याला जे जमलं नव्हतं ते कर्जतच्या एजंटने करून दाखवलं होतं.

काकांनी पहिल्या ओळीवर सही केली. प्रत्येक अक्षर सुटं आणि पूर्ण. मग हर्षदने ग्रुपवर फोटो टाकला. आणि मी आमच्या घराण्याची खरी ताकद बघितली. अर्ध्या तासात दहिसर आलं. पार्लरवाली मुलुंडहून उबर करून आली, हाताला मेंदी होती ती सुकू न देता. घाटकोपर आलं, भांडुप आलं, विरारवाला बोरिवलीचा म्हणून आला. मिथुन गिऱ्हाईक खाली बसवून वर आला. साडेनऊच्या आत एकोणीस ओळी भरल्या, सगळ्या मानाने, एकही खाडाखोड नाही. नलिनीने तीनदा चहा टाकला. दशरथदादा म्हणाला, "मनात आणलं तर आपण काय करू शकतो बघा."

"कालपर्यंत होती मुदत," मी म्हणालो. हे मी सात वाजल्यापासून म्हणत होतो.

"अरे, एक दिवस इकडे-तिकडे," दशरथदादा म्हणाला. त्याने सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत, त्याला माहीत असणार.

कागदाचा फोटो अक्षताला गेला. खाली सतरा अभिनंदनं, सात फुलं. तिचं उत्तर लगेच आलं नाही. आलं ते मला, फोनवर, गुरुवारी सकाळी, मी कचेरीला निघालो असताना.

"काका, शेड मंजूर होईल असं दिसतंय. साहेब जागा बघून गेले."

"अगं वा!"

"हो. पण विमलाकाकीची एक अट आहे. जागा तिची, तर तिची झाडं पण आम्ही बघायची. तिचा हिस्सा तिला. आम्ही अकरा जणी, शेड सांभाळून तेवढंच जमेल. म्हणजे तुमचं नाही जमणार. मी आत्ताच सांगते, मागून बोल नको. काजू यंदाचा काढून देईन. पुढे गवत, कुंपण, फाळा, तुमचं तुम्ही बघा. आणि तो महोत्सव आहे ना, त्याचा तरवा रोहिणीत टाकावा लागतो. मी टाकणार नाही."

"रोहिणी कधी लागतं?"

"मेच्या पंचवीसला, काका. कॅलेंडरवर असतं."

मी हे सगळं जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. दिवसभर निळ्या खुणा दिसत राहिल्या. संध्याकाळी उत्तरं आली. पार्लरला लग्नसराई आहे. दशरथदादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. हर्षदला पंचवीसला कर्जतला जायचंय, प्लॉटचं टोकन द्यायला. यज्ञेशला कुणीतरी विचारलं. त्याने एका अहवालाची लिंक पाठवली. मला रजा मिळणं कठीण, हे मीही लिहिलं. खरंच कठीण होतं. शनिवारचीच रजा साहेबांनी तोंड वाकडं करून दिली होती.

मग दत्ताकाकांचा फोन आला.

"शाम्या, मी जातंय."

"कुठे काका?"

"गावाक. तरवो टाकूक. माका येता. सात वर्षांचो होतंय तेव्हापासून येता. तिकीट काढ."

"काका, तुमचा गुडघा? चोंडीत उतरणार कसे?"

"ता मी बघीन. तू तिकीट काढ. खालचा बर्थ." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "त्या चेडवाक सांग, मी येतंय म्हणान. माझी सही उशिरा झाली तिका सांग."

मला वाटलं, निदान एवढं तरी तिला ऐकून बरं वाटेल. मी लगेच फोन केला. मागे बायकांचा आवाज येत होता, कुणीतरी शेडच्या पायाची दोरी आखत होतं आणि विमलाकाकी ओरडून सांगत होती, की माझ्या आंब्याच्या मुळाला लावू नका.

"अक्षता, दत्ताआजोबा येतायत. एकटे. तरवा टाकायला."

ती म्हणाली, "काका, नका ना आणू त्यांना. ते बांधावर बसणार, त्यांना सकाळी पेज पण मीच द्यायची, गुडघ्याला तेल पण मीच लावायचं आणि तरवा पण शेवटी मीच टाकायचा. तुम्हाला माहितीये ना?"

"माहितीये," मी म्हणालो.

"मग?"

तिने दोरी धरणाऱ्या कुणाला तरी जरा डावीकडे सरकायला सांगितलं आणि पुन्हा फोनवर आली.

"कधीचं काढताय तिकीट?"